जीआरवाले नाना

पहाटे साडेपाचला मोबाईल वाजला की यावलमधल्या निम्म्या घरांत समजतात, मळ्यात थ्री फेज लाइट आली, मोटार सुरू करायला उठा. आमच्या घरात समजतात, नानांचा मेसेज आला, अजून झोपायला हरकत नाही.

मेसेजची ठेवण ठरलेली. वर ‘अत्यंत महत्त्वाचे’. त्याखाली ‘सर्व शिक्षकेतर बंधू-भगिनींनी शेवटपर्यंत वाचावे’. मग सहा-सात मुद्दे, आणि तळाला ‘अफवांवर विश्वास ठेवू नये, अधिकृत शासन निर्णयाची वाट पाहावी’. मधल्या मुद्द्यांचं सार बहुतेक वेळा एकच निघतं: फाईल हलली. उच्च शिक्षणातून वित्त विभागात गेली, तिथून विधी व न्यायकडे वळली, आता परत उच्च शिक्षणात मुक्कामाला आहे. दिवाळीला माहेरी निघालेल्या लेकीची गाडी कुठवर आली हे बाप दर तासाला सांगतो ना, तशा काळजीने नाना फाईलचा प्रवास कळवतात.

मी प्राध्यापक, म्हणजे नानांच्या लेखी ‘यूजीसीचा जावई’. शिक्षकेतरांच्या ग्रुपात माझं खरं तर काही काम नाही. पण शेजारधर्म म्हणून नानांनी मला ‘निरीक्षक’ या पदावर आत घेतलं. बाहेर पडायचं मनात येतं, पण पडलो तर कारणे दाखवा नोटीस येईल अशी भीती वाटते.

नाना तालुक्यातल्या एका कॉलेजात मुख्य लिपिक आहेत. असा माणूस महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रत्येक कॉलेजात असतो. कुठे त्याला आबा म्हणतात, कुठे दादा, कुठे नुसतं ‘अध्यक्ष’. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात निळा आणि लाल असे दोन पेन, खिशाच्या तळाला शाईचा कायमचा डाग. खांद्याला केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची जाहिरात छापलेली कापडी पिशवी. पिशवीत तीन फायली असतात. एकीवर ‘प्राप्त’ लिहिलंय, दुसरीवर ‘प्रलंबित’, तिसरीवर ‘संघर्ष’. पहिली इतकी सडपातळ की तिची लेस अजून नवीकोरी आहे.

रस्त्यात नाना भेटले की सुटका नाही. भुसावळ टी पॉइंटला चहा घेत उभे असतात. लांबूनच हात वर करतात आणि ‘काय सर, कसे आहात’ हे न विचारता एकदम मुद्द्याला हात घालतात: ‘पाह्यला का?’ काय पाहिलं, हे विचारायचं नसतं. शासन निर्णय, म्हणजेच जीआर. विचारलं तर पिशवीत हात जातो आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरते.

जीआर वाचायची त्यांची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. तुमच्या-माझ्यासारखा माणूस जीआर पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि तिथेच अडकतो. ‘वाचा’ म्हणून आधीच्या आठ-दहा जीआरचे संदर्भ, मग प्रस्तावना, आणि प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य दीड परिच्छेदानंतर संपतं. नाना शेवटचं पान आधी काढतात. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आहे ना, खाली सही आहे ना, 18 आकडी संकेतांक आहे ना, एवढं पाहून कागद खरा ठरतो. मग प्रतींच्या यादीवरून बोट फिरतं. महालेखापाल मुंबई, महालेखापाल नागपूर, संचालक, सर्व विभागीय सहसंचालक, आणि सगळ्यांच्या पायाशी ‘निवड नस्ती’. आपलं जळगाव ‘सर्व’मध्ये येतं याची खात्री झाली की नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि मधल्या पानांत ‘परंतु’ शोधायला लागतात.

‘जीआरचा जीव परंतुमंधी असतो, सर. देनं वरच्या ओळीत, घेनं परंतुत.’

संकेतांकाचे अठराच्या अठरा आकडे त्यांना तोंडपाठ असतात. नातवाचा वाढदिवस मात्र नानींना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवावा लागतो.

नानींचं आणि संघटनेचं नातं सवतीचं नाही, शेजारणीचं आहे. रोज भांडण आणि रोज उसनवारी. नानांच्या बैठकीला चहा नानीच करतात, पण पडद्याआडून एखादं वाक्य सोडतात. ‘तिकडं मंत्रालयातली फाईल हलली म्हने. आमची गॅसची टाकी चार दिवसांपासून एका जागी हाय, तिचं काय ते पाहा.’ नाना घरातसुद्धा विनाकागद काही करत नाहीत. किराण्याच्या यादीवर तारीख आणि जावक क्रमांक. मुलीच्या लग्नात वाढप्यांची वाटणी त्यांनी लेखी काढली होती, त्यात ‘प्रस्तुत आदेश तात्काळ अंमलात येतील’ असं होतं. आणि आदेश निघूनही श्रीखंड शेवटच्या पंगतीपर्यंत पोचलं नाही, तेव्हा एक व्याही सगळ्यांदेखत म्हणाले, ‘नाना, परंतु राहिलं वाटतं वाचायचं.’

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. सेवापुस्तकापाशी मात्र हसू आवरावं लागतं.

सेवापुस्तक हा नानांचा देव्हारा. ‘दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवा,’ हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, पगाराचा आकडा सांगायच्याही आधी. दुसऱ्याचं सेवापुस्तक तपासायला बसले की आधी हात धुतात. पहिल्या पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, ओळखीची खूण. मग जिभेला बोट लावून एकेक पान. रुजू दिनांक. वार्षिक वेतनवाढ. पुढच्या वर्षीची वेतनवाढ. त्याच्या पुढच्या वर्षी नोंद आहे पण सही नाही; तिथे पेन्सिलीने बारीक फुली. वेतननिश्चितीला पडताळणी पथकाचा शिक्का आहे का? अर्जित रजेचा हिशोब 300 च्या मर्यादेपर्यंत बरोबर आलाय का? एक बेरीज चुकलेली सापडली की ‘हाऽऽ’ असा आवाज काढतात. शेंगेतून अख्खा दाणा निघाल्यावर पोरं काढतात तसा.

एकदा एका प्रयोगशाळा परिचराचं पुस्तक पाहताना त्यांचं बोट नामनिर्देशनावर थांबलं. माणसाचं लग्न होऊन दोन पोरं शाळेत जायला लागली होती, आणि भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात अजून आईचंच नाव होतं.

‘बायकोचं कधी लावशीन?’

‘नाना, मायले वाईट वाटीन.’

‘तिले कायले सांगतो? अन् उद्या तुले काही झालं तं?’

हे संभाषण व्हायचं ते कार्यालयात झालं, पण तालुक्याचं गाव. संध्याकाळपर्यंत घरी पोचलं. सासू म्हणाली, माझं नाव काढायला कोण सांगतोय ते पाहते. सून म्हणाली, इतकी वर्षं मी कुठेच नव्हते का? दोघी मिळून नानांच्या ओट्यावर आल्या. नानांनी दोघींना बसवलं, नानींनी पाणी दिलं, आणि नानांनी कुटुंब या शब्दाची नियमातली व्याख्या काढून वाचून दाखवली. नंतर कागदावर वाटा टक्क्यांत कसा लिहितात ते समजावलं. नियमात काय बसतं आणि काय नाही यावर दोघींचा त्यांच्याइतकाच गाढ अभ्यास आहे असं धरून ते बोलत होते. जाताना सासू सुनेला म्हणाली, ‘मानूस चांगला हाय, पन बोलते लय.’

नानांच्या बोलण्यात इतिहास असा येतो की आपण त्या काळचे अपराधी आहोत असं वाटू लागतं. रविवारी दुपारी झोपमोड करून विचारतील, ‘हा रविवार कोनी देला?’ नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळवून दिलेली साप्ताहिक सुट्टी, 10 जून 1890, हे उत्तर आता आमच्या धाकट्यालाही पाठ आहे. दुसरा आवडता विषय 1977 चा. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी केलेला 54 दिवसांचा संप. त्या वेळी नाना अर्ध्या चड्डीत होते, पण 54 दिवसांचा हिशोब ते रोजनिशी लिहिल्यासारखा सांगतात. आणि कोणी ‘आपल्यासारख्या आडवळणाच्या तालुक्याला कोण विचारतं’ म्हणालं, की फैजपूर निघतं. 1936 ची काँग्रेस, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. ‘नेहरू यावल तालुक्यात येऊन ठराव करून गेले, अन् तुले एक निवेदन वाचायले टाईम नही?’

विद्यापीठावर त्यांचा जीव आहे, हे ते कबूल करणार नाहीत. 1990 च्या आधी आमची कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि शंभर तऱ्हेचे कागद घेऊन कारकून मंडळी पुण्याला जात, त्या गोष्टी नानांनी त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलेल्या. मग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, 15 ऑगस्ट 1990. जळगाव, धुळे, नंदुरबार एका छताखाली. 2018 मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आसोद्याच्या लेकीचं नाव विद्यापीठाला लागलं म्हणून आम्ही मराठीवाल्यांनी भाषणं केली. नाना म्हणाले, ‘चांगलंच झालं. पन शिक्के कोन बदलीन?’ आणि खरंच, रबरी शिक्के, लेटरहेड, दाखले, पाकिटं, गुणपत्रिका, सगळ्यांवरचं नाव बदलायचं काम पडलं ते याच मंडळींवर. आता लघुरूपही ‘कबचौउमवि’. एका दमात म्हणून दाखवा. नाना म्हणतात, आणि वर सांगतात, ‘ह्याचा जादा भत्ता मागायले पायजे.’

आंदोलन म्हटलं की लोकांना घोषणा आठवतात, नानांना पायऱ्या आठवतात. आधी निवेदन. मग स्मरणपत्र. मग काळ्या फिती. मग दुपारच्या सुट्टीत निदर्शनं, सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी थांबायची, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. मग लाक्षणिक संप. आणि सगळ्यात वर बेमुदत. एकही पायरी गाळलेली त्यांना चालत नाही. एकदा तरण्या पोरांनी सरळ ‘बेमुदत’ची भाषा केली तर नाना म्हणाले, ‘अरे, स्मरणपत्र तं देऊ दे. सरकारले इसरायचा हक्क हाय, आपल्याले आठवन द्यायचा.’

काळ्या फितींचा डबा त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असतो. पूर्वी बिस्किटांचा होता. ब्लाउजपीसच्या दुकानातून मीटरवर घेतलेली साटीनची फीत, सारख्या मापाचे तुकडे, प्रत्येकाला टाचणी टोचून ठेवलेली. संध्याकाळी फिती परत जमा कराव्या लागतात. मोजून. एक कमी भरली तर नाना शिपायाला फाटकापर्यंत पाठवतात. 2023 च्या फेब्रुवारीत हा डबा पुरता रिकामा झाला होता. राज्यभर विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या शिक्षकेतरांनी आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, मग 20 तारखेपासून बेमुदत काम बंद. मागण्यांत आश्वासित प्रगती योजना होती. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना 2 मार्च 2019 च्या जीआरने 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पगाराचे तीन टप्पे मिळाले होते. तेच आम्हाला का नाहीत, एवढा साधा प्रश्न. साधा प्रश्न विचारायला चार वर्षं लागतात, हे नानांना अजिबात विचित्र वाटत नाही.

त्या दिवसांत कॉलेजात गेलो की कळायचं, आपण शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो. वर्गाचं कुलूप निघायचं नाही. हजेरीपत्रक सापडायचं नाही. विद्यार्थ्याला बोनाफाईड हवा तर फॉर्म कुठल्या कपाटात, हे प्राचार्यांनाही ठाऊक नव्हतं. एक विद्वान सहकारी घंटेची दोरी हातात घेऊन उभे होते. तास संपल्याचे टोल किती आणि सुट्टीचे किती, हा पेच त्यांना सुटत नव्हता. बाहेर मांडवात बसलेल्या नानांनी ते पाहिलं. संप मोडायचा नाही हे तत्त्व, पण पोरांची सुट्टी जाऊ द्यायची नाही हेही. त्यांनी बसल्या जागेवरून पाच बोटं दाखवली.

मार्चमध्ये पुन्हा संप. 14 ते 20 मार्च, राज्यभर, जुन्या पेन्शनसाठी. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर जो नोकरीत आला त्याची जुनी पेन्शन गेली. त्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के कापून नव्या योजनेत जातात. नाना या तारखेच्या आधीचे. त्यांची पेन्शन पक्की. तरी मांडवात पहिली सतरंजी त्यांची. एका नव्या लिपिकाने विचारलं, ‘नाना, तुमचं तं काहीच अडलं नही, मंग तुमी कायले उन्हात बसता?’ नाना म्हणाले, ‘मले पेन्शन हाय म्हनून बसता येतं. तुले घरी हप्ता भरायचा हाय, तू सावलीत बस.’ तो सावलीत बसला. नानांनी लगेच त्याच्याकडे घोषणांचे कागद सोपवले.

मुंबईच्या आझाद मैदानाला जायचं तर भुसावळहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस. नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या मोर्चाला जायचं तर माकडटोपी आणि केळीच्या वेफर्सच्या पिशव्या. नागपूरला यशवंत स्टेडियमपासून निघून पुढे पोलीस अडवतील तिथपर्यंत चालायचं, हा त्यांचा वर्षातला ठरलेला प्रवास. तीर्थयात्रेला नानी त्यांना चारदा म्हणाल्या असतील. आमचं महर्षी व्यासांचं मंदिर गावातच आहे, गुरुपौर्णिमेला लांबलांबून लोक येतात, नाना त्या दिवशीही रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त शिपायाला उपदानाचा हिशोब समजावताना दिसले.

आता मामांचा निरोप समारंभ सांगतो.

1 जून हा आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस आहे. साठ वर्षांपूर्वी बाप पोराला शाळेत घेऊन यायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, ज्या सालात तापीला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या सालचा, तुरी काढत होतो तेव्हा. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का पाहायचे आणि रजिस्टरात 1 जून ठोकून द्यायचे. त्या एका फटक्याने हजारोंच्या निवृत्तीचा दिवस ठरून गेला. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते. म्हणून 31 मे रोजी शाळा-कॉलेजांत, कचेऱ्यांत हारांची टंचाई पडते.

नानांच्या कॉलेजातले शिपाई, सगळ्यांचे मामा, 1 जून 1963 चे. वर्ग चारचा माणूस साठीला निवृत्त होतो, म्हणून 31 मे 2023. आणि नेमकं त्याच वर्षी 11 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं होतं, की वर्षभर काम करून जो वेतनवाढीच्या आदल्या दिवशी निवृत्त होतो, त्याची ती वाढ बुडवता येणार नाही. आपल्याकडे बहुतेकांची वाढीची तारीख 1 जुलै. म्हणजे 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांचं भलं झालं. 31 मे वाल्यांचं नाही. मामांना तीस दिवस कमी पडले.

हे नाना निकाल आल्यापासून पोटात घेऊन हिंडत होते. समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, प्राचार्यांनी मामा म्हणजे कॉलेजचा आत्मा वगैरे सांगितलं. बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं, पंख्यातून गरम वारा येत होता. मामी नव्या साडीत पदर सावरून पहिल्या रांगेत. मग ‘दोन शब्द’ बोलायला नाना उठले आणि म्हणाले,

‘मामांचा जन्म चुकला.’

सभा एकदम गप्प. मामींनी मामांकडे पाहिलं. नानांनी खिशातून कागद काढला आणि फळ्यावर, खरोखर खडू घेऊन, दोन तारखा लिहिल्या. गुरुजींनी 1 जूनच्या जागी 1 जुलै लिहिलं असतं तर मामा 30 जूनला निवृत्त झाले असते, वर्ष पूर्ण भरलं असतं, एक वाढ हिशोबात धरून पेन्शन बसली असती. महिन्याचा फरक, वर्षाचा फरक, वयाच्या ऐंशीपर्यंतचा फरक. फळा भरला. जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, ती मुदत गेली तेव्हा संघटना झोपली होती का, असा स्वतःच्याच संघटनेला जाब विचारून नानांनी रुमालाने डोळे पुसले. घाम असेल.

मामा सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर. म्हणाले, ‘जाऊ द्या, नाना. आमचे गुरुजी लय चांगले व्हते. माह्या बापाकडे फीचे पैसे नव्हते, ते त्यांनी भरले.’ आणि बसले. नंतर चिवडा-पेढ्याच्या वेळी नाना त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारत होते, गुरुजींचं नाव काय, कुठल्या शाळेत होते, जनरल रजिस्टर अजून तिथे असेल का.

लोकांना वाटतं, मागणी मान्य झाली की नाना खूश होत असतील. उलट आहे. मागणी मान्य झाली की त्यांचा चेहरा उतरतो. महागाई भत्त्याचं घ्या. जुलै 2024 पासूनचा 53 टक्के दर राज्यात जाहीर व्हायला 2025 चा फेब्रुवारी उजाडला. ग्रुपात पेढ्यांची चित्रं, जोडलेले हात, अंगठे, ‘एकजुटीचा विजय असो’. नानांचा मेसेज दुपारपर्यंत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसले होते, तोंडात बडीशेप, नजर रस्त्यावर. म्हटलं, नाना, झालं की. म्हणाले, ‘हो, झालं.’ प्रलंबित फाईलमधून एक कागद उचलून त्यांना प्राप्तमध्ये लावायचा होता, आणि ते काम ते टाळत होते. रात्री नऊच्या सुमारास फोन आला. आवाज टवटवीत. ‘सर, केंद्राचा जानेवारीचा दर यायचाच हाय अजून!’ मीही नकळत ‘वा’ म्हणून गेलो.

थंडीत संघटनेची वार्षिक सभा बामणोदकडच्या एका मळ्यात होते. विषयपत्रिकेवर मागील सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ असतात. लोक येतात ते भरतासाठी. बामणोदची हिरवी, लांबट, पांढऱ्या रेघांची वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजतात, वरून जळकी साल निघून येते, मग हिरव्या मिरचीबरोबर लाकडी बडजीत ठेचतात. तेलात कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. नाना ठेचायला स्वतः बसतात, कारण ठेचणारा उठून जाऊ शकत नाही आणि त्याच्याभोवती जमलेल्यांनाही भरीत होईपर्यंत हलता येत नाही. याहून उत्तम श्रोतृवर्ग नाही.

यंदा नाना स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. वर्ग तीन, म्हणजे अठ्ठावन्न. कोणीतरी विचारलं, आता पुढे काय? नानांनी दांडका थांबवला नाही. निवृत्तांची तालुका शाखा काढायचा मसुदा पिशवीत तयारच होता. नोंदणी, वर्गणी, पदाधिकारी, सगळं. पहिली मागणीसुद्धा ठरलेली.

‘ऐंशी झाले की पेन्शनमंधी वाढ मियते. पन ऐंशीव्यात पाय ठेवला की मियाली पायजे, का ऐंशी भरल्यावर? गुवाहाटी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं हाय. ऐंशीव्यात पाय ठेवला की.’

शेकोटीपाशी घोंगडी पांघरून बसलेले अण्णा, कॉलेजचे जुने अधीक्षक, एकदम ताठ झाले. त्यांना एकोणऐंशी पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिलेत.

‘म्हंजे मले एक वर्ष आधी?’

‘तुमी फक्त तब्येत सांभाया, अण्णा. बाकी संघटना पाहीन.’

‘अन् पुढं?’

नानांनी दांडका बाजूला ठेवला आणि हात पुसून बोटांवर मोजलं. पंच्याऐंशीला आणखी, नव्वदला आणखी, पंच्याण्णवला आणखी. केंद्राच्या नियमात शंभर भरले की मूळ पेन्शनइतकीच रक्कम वरून, म्हणजे दुप्पट. अण्णांनी घोंगडी खाली सोडली, भाकरीचा तुकडा मोडला आणि भरीत जरा कमी तेलाचं वाढा म्हणून सांगितलं.

‘शंभरीत पाय ठेवल्यावर का शंभर भरल्यावर, नाना?’

‘त्याचं निवेदन आत्ताच देऊन ठेवू,’ नाना म्हणाले. ‘वीस वर्षं हातात हायेत. आरामशीर व्हईन.’